भोकरला जाताना कोणता ऊद?

३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ६.१०
उज्वला भाऊबीजेला माहेरी भोकरला गेली ती अजून आली नाही. अकरा दिवस. विश्रांती घेत असावी. रविवारी स्वतः जाऊन आणायचं. मेव्हणा संगमेश फोनवर म्हणाला, या की दाजी, पण अक्काला इचारून या. विचारायचं काय त्यात? नवरा आहे मी.
बायकांना सुगंध लागतो. अत्तर लावून जायचं. ठरलं.

४ नोव्हेंबर
गंजगोलाईचा बाजार. अत्तरवाल्या नसीरभाईंनी ऊदाच्या अत्तराचे दोन प्रकार काढले. कंबोडी डाव्या मनगटावर, आसामी उजव्या. दोन्ही उबदार, दोन्ही लाकडी. म्हणाले, सर, कंबोडीत मिठास हाय, आसामीत दम हाय. दोन्ही गुण माझ्यात असल्यामुळे अडलं.
वीस वर्षं क्लासमध्ये पोरांना चारातला एक पर्याय चाळीस सेकंदांत निवडायला शिकवतोय. इथं तर दोनच. उद्या नक्की.

५ नोव्हेंबर
परवा नक्की. नाक थकलं होतं.

७ नोव्हेंबर, मधली सुट्टी
स्टाफरूममध्ये मतं घेतली. केमिस्ट्रीचे धम्मानंद सर दोन्ही मनगटं हुंगून म्हणाले, काय सर, लाकडाची वखार टाकली का? जळतात लोक. बायोलॉजीच्या पंचशीला मॅडमनी विचारलं, वहिनींना कोणता वास आवडतो? सिलॅबसबाहेरचा प्रश्न. सोडून दिला.

८ नोव्हेंबर
दोन्ही घेतले. यालाच निर्णयक्षमता म्हणतात. संध्याकाळभर टीव्हीसमोर बसलो. टीव्ही लावायचा राहिला.

९ नोव्हेंबर, भोकर
एसटीत शेजारच्यानं खिडकी उघडली, मग जागाच बदलली. ऐसपैस आलो.
उज्वलापुढं दोन्ही मनगटं धरली. म्हटलं, सांग, कोणता? ती शेंगा सोलत होती. म्हणाली, मला वासच येत नाही. करोनापासून. म्हटलं, कधी बोलली नाहीस. म्हणाली, तीनदा बोलले. तिसऱ्यांदा तुम्ही बरं म्हणालात. आवाज चढला नाही. चहात साखर किती विचारावी तसं बोलली.
घरात सगळ्यांना ठाऊक. दूध नासलं का, हे तिला संगमेशची धाकटी हुंगून सांगते.
कंबोडी संगमेशनं ठेवून घेतला. आसामी कुणी मागितला नाही.
उज्वलाला म्हटलं, चल. म्हणाली, सुट्टी संपली की बघू. क्लासची सुट्टी संपून आठवडा झाला. तिची कोणती सुट्टी, ते विचारायचं होतं.
बरं म्हणालो. साडेचारच्या एसटीनं परत.