मागाच्या शेडमधली धूळ दोघींची

मी चिमाबाई निंगप्पा हत्तुरे, राहणार भवानी पेठ, सोलापूर, वय ऐंशीच्या आसपास, हे मृत्युपत्र राजीखुशीनं सांगते आहे. मला अक्षर येत नाही. लिहिते ती शेजारची सुकन्या. माझं बोलणं फार सुधारू नकोस, असं तिला बजावलं आहे. डोकं शाबूत आहे. गुडघ्यांचं विचारू नये.

१. राहतं घर मुलगा दिपक आणि सून पूनम यांचं.

२. भाकरीची काठवट मोठ्या जाऊबाईंना द्यावी. ती त्यांचीच आहे. लग्नापासून मागतात, माझ्या हयातीत मिळणार नाही.

३. माझी पुतळीमाळ मोडून मागाच्या शेडला हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा. दिपकचा खोकला हल्ली मागाच्या खटखटीतूनही ऐकू येतो. जिवंतपणी देते तर घेत नाही. मेल्यावर त्याचं 'नको' कोण ऐकणार?

४. शेड पूनम आणि नात चैताली या दोघींची, समाईक. मध्ये भिंत घालू नये. कारण असं.

चैताली विद्यापीठात शिकते. बापाच्या छातीत जाणारी धूळ किती बारीक, हे तिला मोजायचं होतं. तिथलं यंत्र उजेडानं मोजतं. तिनं मला शेडमध्येच उभं करून सांगितलं. पत्र्याच्या भोकातून कवडसा येतो, त्यात धूळ दिसते, कारण ती उजेड इकडंतिकडं फेकते. जाड कण उजेड जवळपास सरळच पुढं सोडतो, बारीक कण चौफेर उधळतो. त्यावरून कण केवढा ते कळतं. गोल की सुताच्या तुकड्यासारखा लांबट, तेही. मी म्हटलं, तुझ्या आजोबांसारखंच की. माणूस एवढासा, आवाज सगळ्या पेठेत.

धूळ धरायला तिनं मागांच्या वर बशा मांडल्या. खंडेनवमीला आपल्यात माग धुऊनपुसून पुजतात. पूनमनं शेड धुतली आणि बशाही घासून पालथ्या घातल्या. तेव्हापासून मायलेकी बोलत नाहीत. भाजी हवी का, हेसुद्धा दिपकला मध्ये घालून विचारतात.

चैताली म्हणते, आईला माझ्या शिक्षणाची किंमत नाही. पूनमला विचारलं, तर खाली बघून म्हणाली, "धूळ साठवायची कशी, आत्याबाई? ह्यांना श्वास पुरत न्हाय."

म्हणजे दोघींचा जीव एकाच माणसासाठी तुटतो, आणि दोघी ते एकमेकींना सांगत नाहीत. म्हणून अट घालते. खंडेनवमीला आधी चैतालीनं धूळ काढून घ्यावी, मग पूनमनं धुवावं. विचारायचं ते तोंडानं विचारावं. दिपकमार्फत विचारलेलं बाद.

५. बाकीचं मी गेल्यावर वाचावं. चौथं कलम आजच दोघींना समोर बसवून वाचावं. मरेपर्यंत थांबायला मला सवड नाही.

तसं वाचलं. पुढचंही सुकन्याला लिहायला लावते आहे. पूनम पदराला हात पुसत चैतालीकडं वळली. मग म्हणाली, "ते यंत्र मला दाखवशील का गं?"

चैताली म्हणाली, "उद्या चल की. पण शेडमधली साडी नेसू नको, वाटेनं सगळी धूळ सांडशील."

एवढं ऐकून मी अंगठा उठवला.

चिमाबाई निंगप्पा हत्तुरे, डाव्या हाताचा अंगठा
लिहिणार : सुकन्या
साक्षीदार, अंगठा समोर उठवलेला पाहून : ईश्वरप्पा बिराजदार, सिद्धाराम कोरे
सोलापूर, १८ नोव्हेंबर २०२५