अपील क्रमांक एक

६ जानेवारी, सोमवार
संकल्प: ऑफिसातली अपील पद्धत सुधारायची. निराधार अनुदान नाकारलं की माणसानं तीस दिवसांत अपील करायचं. कागदावर आवक नंबर पडला की तो आला असं धरतात, आणि मग तो सात टेबलं फिरतो. साहेबांनी काम माझ्यावर सोपवलं आहे. मीच मागे लागलो होतो.

८ जानेवारी
जरीपटक्याच्या जिजाबाई अपील घेऊन आल्या. वय सत्तर, गुडघे गेलेले. मुलगा खापरखेड्याला वेगळा राहतो, पण नाव अजून हिच्या रेशनकार्डावर. म्हणून नामंजूर. कागद इतके नीट की बघतच राहिलो. ठरलं! नव्या पद्धतीचं उद्घाटन हिच्याच अपिलानं. म्हणून आवक नंबर टाकला नाही, नव्या सिस्टिममध्ये थेट क्रमांक एक देऊ. फाईल माझ्या ड्रॉवरमध्ये. मुदत २३ पर्यंत, उद्घाटन १७ला. भरपूर वेळ.

१४ जानेवारी
फ्लोचार्ट तयार. बाण तीन रंगांत. बायकोला दाखवला. माया म्हणाली, चांगला आहे, पण त्या बाईच्या कागदावर नंबर टाकून द्या ना, काहून अडवून ठेवला? तिला सिस्टिम समजत नाही.

१७ जानेवारी
साहेब कळमेश्वरला दौऱ्यावर. उद्घाटन २१ला. जिजाबाई चौकशीला आल्या होत्या. सांगत होत्या, शेजारीण एका टायमाले जेवाले देते जी, दुसऱ्या टायमाले मले मागाची लाज वाटते. चहा पाजला. बरं वाटलं. मला.

२१ जानेवारी
बॅनरवर साहेबांचा टक्कल पडण्याआधीचा फोटो आला. त्यांना आवडला, पण मोठ्या साहेबांना नाही. नवा बॅनर शुक्रवारी, म्हणजे २४ला. मुदत २३! माझ्या लगेच लक्षात आलं. उद्या जुन्या रजिस्टरात नंबर टाकतो.

२२ जानेवारी
टाकला नाही. टाकला तर नव्या पद्धतीला पहिलं प्रकरण काय दाखवणार? उद्या दुपारी नक्की.

२३ जानेवारी, संध्याकाळी ५.५०
दिवसभर खुर्च्या मोजत होतो. आवक टेबल साडेपाचला बंद. हरकत नाही, उद्या मागची तारीख घालू.

२४ जानेवारी
नव्या सिस्टिममध्ये तारीख आपोआप पडते. मागची घालता येत नाही. ही सुधारणा मीच सुचवली होती. साहेबांनी बटण दाबलं. पडद्यावर आलं, अपील क्रमांक एक, आणि खाली लाल अक्षरांत, मुदतबाह्य. टाळ्या वाजल्या. साहेब म्हणाले, पाहा, एका सेकंदात निकाल.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदनाला प्रशस्तिपत्र मिळालं. माझं पूर्ण नाव छापलंय. तर्री-पोहे होते, प्लेट तशीच ठेवली. तिखट जास्त असावं.

२९ जानेवारी
मार्ग सापडला. उशीर माफ करता येतो! फक्त उशिराचं कारण लिहावं लागतं. खरं कारण एका ओळीचं आहे. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. नोकरीची चार वर्षं राहिलीत. मला स्वतःची लाज वाटते, हे इथे लिहून ठेवतो. इथे कोणी वाचत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार
जिजाबाईंना बोलावून माफीचा अर्ज मीच लिहून दिला. सुंदर अक्षरात. कारण: अर्जदार आजारी होती. वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, मी कुठं बिमार होती जी? मी त पंधरा दिवस आधीच कागद तुमच्या हातात देल्ला. मी म्हणालो, असंच लिहावं लागतं. मग म्हणाल्या, तुमी लिहून राहिले म्हणजे बरोबरच असन, आणि अंगठा लावला.
अर्ज सिस्टिममध्ये टाकला. आजारपणाचा डॉक्टरी दाखला मागतंय. तो आणायला त्यांनाच पाठवलं. जिन्यावरून कठडा धरून उतरल्या, आणि खाली पोचल्यावर मला हात जोडले.