फोटोतल्या मातोश्री

ता. माण, जि. सातारा
२६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. रंगू हिस,
हरणाक्काचे आशीर्वाद. वि. वि.

इकडं समदी बरी हाईत. तुझ्या दाजींचा गुडघा तेवढा दुखतोय. पत्र बघून तुला नवल वाटंल. फोन केला असता, पर तुझा आवाज ऐकला की मी भांडणार, आणि शेजारणी कान लावून ऐकणार. सातवीपातुर शिकले ते आज कामाला आलं.

काल उदयसिंह गुरुजी पेपर घेऊन घरी आले. आपलं यान चंद्रावर उतरलं त्याला दोन वर्सं झाली, म्हणून तेवीस तारखेला सांगलीत सोनियाच्या जुन्या शाळेनं अंतराळ दिन केला आणि तिचा सत्कार केला, असं त्यांनी वाचून दाखवलं. यान उतरत हुतं तवा माझी लेक बंगळुरात कॉम्प्युटरवर त्याच्याकडं ध्यान ठेवून बसलेली, हे गावाला म्हाईत हाय. लय बरं वाटलं. मग फोटो बघितला. सोनिया, शेजारी शाल घेतलेली तू, आणि खाली छापलंय, सोनिया आपल्या मातोश्रींसमवेत. गुरुजी म्हणाले, छापणाऱ्याची चूक असंल. मी म्हणलं, असंल. पर तुझ्या तोंडावर काय चूक झाल्यागत दिसत न्हवतं, रंगू.

आमी मेंढरं घेऊन कडेगावाकडं उतरायचो, पोरीची शाळा मोडायची, म्हणून पाचवीला तिला तुझ्याकडं ठेवली. ठेवली म्हणते मी. दिली असं कवा म्हणले न्हाई. तुला पोटचं न्हाई याचं मला आजबी वाईट वाटतं, पर म्हणून माझ्या खुर्चीवर बसायचं व्हय गं?

शाल निळी हाय का जांभळी ते पेपरात कळत न्हाई. कशाला इचारते मी तरी.

नानासो पाव्हण्यांना नमस्कार सांग. राग हाय, पर माया आटलेली न्हाई.

तुझी,
हरणाक्का


सांगली
२९ ऑगस्ट २०२५

ती. सौ. आक्का हिस,
रंगूचा शि. सा. न. वि. वि.

शाल जांभळी आहे.

तुझं पत्र यांना दाखवलं नाही. आक्का, छापणाऱ्याची चूक नव्हती. आदल्या दिवशी सोनिया आली तेव्हा तिनं विचारलं, आईला कळवलंस ना? मी म्हटलं, कळवलं, पण दाजींचा गुडघा दुखतोय, जमायचं नाही. मी तुला फोन केलाच नव्हता. स्टेजवरून सरांनी सोनियाच्या मातोश्री म्हणून पुकारलं, आणि मी उठले. बसून राहता आलं असतं. पाय उठले.

तुला वाटतं तुझंच काळीज जळतं. यान उतरलं त्या संध्याकाळी मी मांडीवर फोन घेऊन बसले होते. हे म्हणाले, जेवून घे, तिला सवड नसेल. तुला तिनं लगेच फोन केला, ते तूच मला हसत सांगितलंस. माझ्याकडं दुसऱ्या दिवशी आला. आठ वर्षं माझ्या घरी राहिली, पण दिवाळी जवळ आली की आधीपासून पिशवी भरून दाराशी ठेवायची. एकदा तापात आई म्हणून हाक मारली. मी ओ दिली, तर डोळे उघडून म्हणाली, तू नाही, मावशी. लहान होती, तिला आठवतही नसेल. मला एक दिवस हवा होता, आक्का. तो मी तुझ्या वाट्यातला घेतला.

सोनियाला काल फोन करून खरं सांगितलं. ती गौरीला गावी जाते म्हणाली. तुझी माफी मागते. शाल मात्र परत मागू नकोस.

दाजींना नमस्कार. रागासकट तुझी माया मला हवी आहे.

तुझी धाकटी,
रंगू


ता. माण, जि. सातारा
८ सप्टेंबर २०२५

चि. सौ. रंगू हिस,
हरणाक्काचे आशीर्वाद. वि. वि.

सोनिया गौरीला आली आणि गुरुजींनी इथल्या शाळंतबी अंतराळ दिन केला. समदं गाव गोळा झालं. मला खुर्ची दिली, शाल दिली, मातोश्री म्हणून पुकारलं. मनात म्हणलं, आता रंगूनं बघावं.

मग चौथीतली एक पोरगी उठली आणि मलाच इचारलं, सोनियाताईला चंद्राचा नाद कवा लागला? मला म्हाईत न्हवतं, रंगू. समदी माझ्याकडं बघत हुती. मी ठोकून दिलं की मेंढरांच्या वाड्यावर घोंगडीवर पडून ती चंद्र बघायची, तिथं कोण ऱ्हातं म्हणून मला इचारायची. लय टाळ्या पडल्या. सोनियानं मान खाली घातली.

घरी येताना ती म्हणाली, आई, तसं कवा झालं न्हाई, वाड्यावर मला अंधाराचं भ्या वाटायचं, मी तोंडावरनं घोंगडी वढून झोपायचे. मावशीकडं लाइट गेली की आमी गच्चीवर जायचो, तिथं ती माझा हात धरून बसायची, तवा मी पैल्यांदा वर बघितलं. रागानं बोलली न्हाई. सरळ सांगितलं. पर मी वाटंतच थांबले. फोटो बघून जेवढी जळले न्हवते, तेवढी तिथं जळले. आठ वर्सं लेक मोठी झाली, आणि त्यातलं मला काय बी ठावं न्हाई.

घट बसायच्या आधी चार दिस ये. ती काय खायची, कुणाशी भांडायची, कशाला रडायची, समदं सांग. एकदम सांगू नको, थोडं थोडं सांग. आणि सांगताना माझ्या तोंडाकडं बघू नको.

वाट बघते.

तुझी,
हरणाक्का