बोके: दहापैकी साडेनऊ

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ११.२०

लेन्स आली. चोवीस एमएम, एक पॉइंट चार. खोकं उघडण्याआधी साबणाने हात धुतले. एवढी वाइड आणि एवढी फास्ट लेन्स जळगावात आणखी कुणाकडे असेल असं वाटत नाही. असलीच तर त्याला तिची किंमत कळत नसणार.

संकल्प: पंधरा दिवसांत या लेन्सच्या बोकेचं, म्हणजे फोटोत मागचं सगळं धूसर होतं त्याचं, संपूर्ण परीक्षण लिहायचं आणि फोटोग्राफर असोसिएशनच्या ग्रुपवर टाकायचं. मागच्या दिव्यांचे गोळे किती गोल, कडा किती मऊ, कोपऱ्यात आकार कसा बदलतो, प्रत्येकाला दहापैकी मार्क. ग्रुपवरची पोरं 'बॅकग्राउंड मस्त उडालं' एवढंच म्हणतात. उडणं वेगळं, उडण्याची क्वालिटी वेगळी.

किरणला (बायको) सांगितलं, हिचे बोके अप्रतिम आहेत म्हणतात. ती म्हणाली, आधीचे दोन बोके दूध पिऊन जातात ते पुरेत. एकतीस वर्षं फोटोग्राफरच्या घरात राहून ही समज.

दुसरा संकल्प: उद्यापासून बिनसाखरेचा चहा.

६ नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी मेहरूण तलावावर टेस्ट. किरणला काठावर उभं केलं, मागे रस्त्याचे दिवे. वाइड लेन्सचं असं आहे की लांबून काही उडत नाही, सगळं जवळपास स्पष्टच दिसतं. पार तोंडाजवळ जावं लागतं. एका हातावर गेलो. किरण म्हणाली, लग्नानंतर एवढ्या जवळून पहिल्यांदाच बघताय, आणि तेही दिवे बघताय.

फोकस अर्थातच हाताने. ऑटोफोकस म्हणजे दुसऱ्याच्या हाताने जेवणं.

निरीक्षण: कोपऱ्यातले गोळे लिंबासारखे लांबट. हे चालतं, सगळ्याच फास्ट लेन्समध्ये होतं. पण मधोमध गडबड. व्ह्यूफाइंडरमधून पाहिलं तर मधले दिवे चेपलेले, फाटलेले, आणि विजेचा खांब कमरेत वाकडा. घरी येऊन कॉम्प्युटरवर पाहिलं तर खांब सरळ. म्हणजे ही लेन्स कधी वाकवते, कधी नाही. इंटरमिटंट फॉल्ट. कंपनीला इंग्रजीत कडक मेल लिहायचा.

किरणचे फोटो जरा सॉफ्ट, पुसट आले. ती हलली असणार.

९ नोव्हेंबर, रविवार

बाथरूमच्या टाइल्सच्या रेघा नागमोडी आहेत हे आज लक्षात आलं. सात वर्षं झाली बसवून. मिस्त्री किती फसवतात.

किरणला दाखवल्या. तिला सरळ दिसतात. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, डोळे दाखवून या, साखर तपासून दोन वर्षं झालीत. मी म्हणालो, ज्याचा डोळा हेच भांडवल त्याला डोळ्याबद्दल शिकवू नये. ती भाजी चिरायला आत गेली. पटलं असावं.

चहा साखरेचाच घेतला. रविवार होता.

१२ नोव्हेंबर, बुधवार

निंबा आला होता, पत्रिका घेऊन. नरडाण्याजवळच्या गावात मामाकडे राहून मी आठवी ते दहावी शिकलो, तेव्हापासूनचा मित्र. त्याच्या मयुरीचं लग्न तेवीस तारखेला, हळद बावीसला.

निंबाची आई, बेबाअक्का, दोन वर्षं खाटेवर आहे. मामी डब्यात पोळ्या मोजून द्यायची, तेव्हा अक्का मला रोज दुपारी हाक मारून जेवायला बसवायची. निंबा म्हणाला, डॉक्टर आता घरीच ठेवा म्हणतात. पण हळदीला तिला खुर्चीवर बसवून मांडवात आणणार, नातीच्या गालाला पहिली हळद तिचीच. मग बाकी सगळं झटकून टाकल्यासारखा हात हलवून म्हणाला, "बाकी बठ्ठा बिघडना तरी चाली, समाधान. पण मन्ही मायना आणि मयुरीना एक फोटो चांगला काढजो." त्याच्या घरात अक्काचा एकही धड फोटो नाही. रेशनकार्डावरचा आहे, त्यात ती कुणीतरी वेगळीच वाटते.

मी म्हणालो, असा फोटो काढतो की मांडवाचे सगळे दिवे मागे मोत्यांसारखे दिसतील. तो म्हणाला, दिव्यांचं तू बघ.

परीक्षणातला मुख्य नमुना म्हणून हाच फोटो घ्यायचा ठरवला.

१५ नोव्हेंबर, शनिवार. धुळे

लेन्स दाखवायला हसनैनभाईंकडे. खानदेशात लेन्स उघडून पुन्हा नीट बंद करू शकणारा हा एकच माणूस, असं मी आतापर्यंत सगळ्यांना सांगत आलो. आज शंका आली.

त्यांनी लेन्स तासभर तपासली, स्टँडवर लावून, भिंतीवर चौकडीचा चार्ट लावून. म्हणाले, समाधानभाऊ, लेन्स एकदम दुरुस्त आहे. मी वाकड्या खांबाचं सांगितलं. मग त्यांनी मला तोच चार्ट नुसत्या डोळ्यांनी बघायला लावला, एकदा डावा डोळा झाकून, एकदा उजवा. उजव्या डोळ्याने मधले पाच-सहा चौकोन पुसल्यासारखे दिसले. चार्ट जुना झालाय, मध्ये कागद झिजलाय, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

त्यांनी चार्ट काढून माझ्या हातात दिला. कालच प्रिंट केलेला होता.

म्हणाले, इथून जवळच डोळ्यांचे डॉक्टर आहेत, मी सोबत येतो. मी म्हणालो, लग्नाचा सीझन झाला की. मग निंबाच्या मुलीचं लग्न ऑटोफोकसवर तरी काढा, एवढं ऐका, असं त्यांनी दोनदा सांगितलं. पायऱ्या उतरताना हात धरायला आले. पासष्ट वर्षांचा माणूस मला धरायला येतो! वयाने माणूस हळवा होतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार. निंबाचं गाव

हळद झाली. सगळं क्रमाने लिहून ठेवतो, परीक्षणात लागेल.

संध्याकाळी पावणेसात. मांडवाच्या मागच्या कापडावर बारीक दिव्यांच्या माळा, मीच नीट लावून घेतल्या. प्रत्येक दिवा मागे किती अंतरावर हवा ते सांगितलं. व्हिडिओवाल्या पियुषचा लाइट माझ्या दिव्यांवर पडत होता, म्हणून त्याला नाचणाऱ्या बायकांकडे पाठवलं. अक्काला आणलं तशा पंधरा-वीस बाया मोबाइल काढून पुढे सरकल्या. त्यांना मोठ्याने सांगितलं, मोबाइल खाली ठेवा, एकही फ्लॅश नको, हा फोटो एकच माणूस काढणार. सगळ्यांनी ऐकलं. एकतीस वर्षांचा अनुभव बोलतो तेव्हा लोक ऐकतात.

अक्काने मला ओळखलं. "जेवना का रे?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, हो अक्का, बोलू नका, मान जरा डावीकडे.

तिने हळद लावली. मी हातभर अंतरावर, एक पॉइंट चार. ऑटोफोकसचा खटका माझ्या बोटाखाली होता. लावला नाही. हसनैनभाई काय म्हणाले ते आठवलं, म्हणूनच लावला नाही. अकरा फोटो. मागचे दिवे म्हणजे काय सांगू! डाव्या कोपऱ्यात मोठे, उजवीकडे एकमेकांवर चढलेले, कडेला जराही रेघ नाही. मी त्या दिव्यांवरून नजर काढू शकत नव्हतो.

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झकास दिसतात. चष्मा बॅगेत राहिला होता, पण अंदाज येतो.

बोके: दहापैकी साडेनऊ.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी कॉम्प्युटरवर घेतले.

अकराच्या अकरा. दिवे सुंदर. अक्काचं तोंड नाही. म्हणजे आहे, पण पाण्यात पिठाचा गोळा विरघळावा तसं. मयुरीचंही तसंच. अक्काच्या हाताच्या बरंच अलीकडे, जिथे कुणीच नव्हतं, तिथली हवा तेवढी शार्प असणार.

कारणं, नोंद म्हणून:
एक, लेन्सचा अत्यंत दुर्मिळ दोष.
दोन, अक्काचा हात थरथरत होता.
तीन, मांडवातला धूर.

किरण मागे येऊन उभी राहिली होती. तिने तीनही कारणं वाचली. म्हणाली, बाकीचं लग्न कसं आलंय? ते बरं आलंय. दुसऱ्या दिवशी खांदा दुखत होता म्हणून ऑटोवर काढलं होतं. ती बाहेर जाऊन ओट्यावर बसली.

संकल्प: शार्प करणारं नवं सॉफ्टवेअर मिळतं, ते टाकायचं. यातून मार्ग निघेल. निंबाला इतक्यात काही सांगायचं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सॉफ्टवेअरने अक्काला डोळे दिले. चांगले टपोरे. दातही दिले. अक्काला दात नाहीत.

पुसून टाकलं.

निंबाचा फोन आला, माय विचारतेय फोटो कधी येणार. मी म्हणालो, एडिटिंग चालू आहे, असा फोटो घाईचा नसतो. तो म्हणाला, बरं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

बेबाअक्का पहाटे गेली.

किरण एकटीच गेली मातीला. मी ताप आहे म्हणून सांगितलं. ताप नव्हता. थर्मामीटर लावून पाहिला, तीनदा. आकडा नीट दिसला नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळी निंबाचा फोन. सोमवारी दहावा. अक्काचा तो हळदीचा फोटो मोठा करून हवा, खुर्चीवर ठेवायला, हार घालायला. मयुरी सासरहून येणार आहे, तिने खास सांगितलंय. मी हो म्हणालो. किरणने माझ्या हातातून फोन घेतला, पण तोवर त्याने ठेवला होता.

मग ती माझ्यावर पहिल्यांदा ओरडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, तुम्हाला दिसत नाही. मला सव्वा वर्षापासून माहीत आहे. रस्ता ओलांडताना मी तुमच्या उजव्या बाजूला चालते, ते काय हौस म्हणून? आणि रडायला लागली.

मला वाटायचं, तिला ती बाजू आवडते.

४ डिसेंबर, गुरुवार. धुळे

हसनैनभाई आणि किरण दोघांनी मिळून डॉक्टरकडे नेलं. डोळ्यांत थेंब टाकून दीड तास बसवलं. पडद्याच्या मधोमध सूज आहे, साखरेची. डाव्यातही सुरुवात आहे. डॉक्टर बाईंनी विचारलं, कधीपासून वेडंवाकडं दिसतंय? मी म्हणालो, चार नोव्हेंबरला नवी लेन्स घेतली तेव्हापासून. किरण म्हणाली, गेल्या वर्षीच्या गणपतीपासून. बाईंनी किरणचं लिहून घेतलं.

इंजेक्शनं घ्यायची. डावा सांभाळता येईल. उजव्याचं जे गेलं ते परत येईलच असं सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर हसनैनभाई माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. मी त्यांना विचारलं, लेन्समध्ये खरंच काही नव्हतं ना? ते म्हणाले, नाही भाऊ. आता चला, घरी अनवरीने (त्यांची बायको) खिचडी केलीय.

खिचडी चांगली होती. मी दोनदा घेतली. हे का लिहितोय कळत नाही.

७ डिसेंबर, रविवार. निंबाचं गाव

किरण सोबत येणार होती. मी एकटाच गेलो.

निंबा अंगणात खाटेवर होता, मुंडण केलेला. माझ्या हातात फोटोचं पाकीट नाही हे त्याने लगेच पाहिलं. मी वाटेत तयार केलेलं सगळं विसरलो. फोटो आला नाही, असं म्हणालो. एकही नाही. लेन्सचा दोष नव्हता. मला डोळ्याने दिसत नव्हतं आणि लोक सांगत होते तरी मी ऐकलं नाही.

तो खाटेची सुतळी नखाने उसवू लागला. मग म्हणाला, कुणाच्या मोबाइलमध्ये तरी असेल. मी म्हणालो, नाही. मीच सगळ्यांना खाली ठेवायला लावले. ते त्यालाही माहीत होतं, फक्त माझ्याकडून ऐकायचं असावं.

त्याने सांगितलं की हळद लागली तेव्हा तो बाहेर आचाऱ्याकडे होता. जेवणं उशिरा लागतील म्हणून बोलायला गेला होता. पाच मिनिटं. परत आला तेव्हा अक्काला आत नेलं होतं. मयुरीला विचारलं, तर ती म्हणते, मी डोळे मिटले होते.

मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "तू ते देखं ना? सर्वात जवळ तूच व्हता. सांग ना मंग, कशी दिखनी ती?"

मला सांगता आलं असतं. हसत होती. डोळ्यांत पाणी होतं. नातीच्या कानात काही बोलली. यातलं काहीही त्याने मानलं असतं. मी खूप आठवून पाहिलं. मला कोपऱ्यातले दिवे आठवले, एक न एक.

मी म्हणालो, निंबा, मी तिच्याकडे पाहिलं नाही.

तो उठला, बैलांना कडबा टाकायला मागे गेला. त्याची बायको चहा देऊन गेली, साखरेचा. मी तो प्यायलो. तासभर बसलो. निंबा पुढे आला नाही.

पावणेपाचची बस मिळाली.