लाभ, दोन, तीन

जठारपेठ, अकोला
दि. ४ नोव्हेंबर २०२४

चि. सहदेव यास बेबीताईचे अनेक आशीर्वाद. एकोणसत्तर वर्षांच्या माणसाले चिरंजीव लिहिताना हात अडखळते, पण मी बहात्तरची आहे अन् दुसरं काही लिहिणार नाही.

पत्र कशापायी म्हणशील, तर फोनवर आपण दोघंही एकदमच बोलतो अन् मंग दोघंही रागानं ठेवून देतो. सोबत एक चपटं पार्सल आहे, जपून फोड. आपल्या प्रणालीनं तबकडी काढली. खरीखुरी, काळी, तुझ्या घरी भिंतभर आहेत तशी. शंभरच काढल्या. नाव ठेवलं ‘लाभ, दोन, तीन’. बाबा संत्री मोजताना एक म्हणत नसत, लाभ म्हणत, ते तुले आठवतच असंल. कॉलेजातली नोकरी सोडून दोन वर्षं पोट्टी हेच करून राहिली होती. त्याच्यात काय काय आहे ते मी सांगत नाही, तिनं शपथ घातली आहे. मामानं कोऱ्या कानानं ऐकावं म्हणते.

तुझ्या मासिकातल्या लेखाले ती लय भेते. मामानं नापास केलं तर पुन्हा नोकरी पाहीन म्हणाली. म्हणून सांगते, खरं लिही, पण मामासारखं लिही.

अन् माझं नेहमीचं. बाबाची कॅसेट. तू टेपरेकॉर्डर घेऊन वरूडच्या बगिच्यात आला होता अन् बाबाले मोजता मोजता भरून घेतलं होतं, ती. दिवाळीची झाडझूड झाली असंल, माळ्यावर दिसली काय? दरसाल विचारते म्हणून चिडू नको. बाबाचा आवाज दुसरीकडं कुठंच नाही. मले त्यायचं बोलणं सारं आठवते, पण आवाज आठवेनासा झाला, अन् त्याची मले भीती वाटते रे.

रुख्मिणीले आशीर्वाद. गुडघ्याले तेल लावत जा, नुसतं बाटलीकडं पाहून दुखणं जात नाही.

तुझी
बेबीताई


राजापेठ, अमरावती
दि. १२ नोव्हेंबर २०२४

ती. बेबीताईस सहदेवचा साष्टांग नमस्कार. आठांपैकी सहा अंगांनी घालतो आहे, गुडघे रजेवर आहेत.

पार्सल पोचलं. पण आधी तुला माझ्या कर्तबगारीची कल्पना देतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. लायब्ररीतून निवृत्त झाल्यापासून मी जगातले नवे आणि पुन्हा काढलेले जुने विचित्र अल्बम मागवतो आणि त्यांवर ‘कानोसा’ नावाचं सदर लिहितो, हे तू जाणतेस. त्याला तीन वाचक आहेत. एक संपादक, दुसरा छापणारा, आणि तिसरे समोरचे भगवंतराव, जे फक्त भांडायला वाचतात. गेल्या महिन्यात पन्नास वर्षांपूर्वीचा एक जर्मन अल्बम पुन्हा आला. एक बाजू म्हणजे एकच गाणं, आणि त्यात गाणारा कोणी नाही. ते ऐकून वरच्या ट्यूशन क्लासच्या सरांनी माणूस पाठवला, की काका, मोटारीत पाणी नसेल तर बंद करा, जळून जाईल. त्याच अंकात एका जपानी बाईंच्या संथ संगीतावर मी लिहिलं, की पार्श्वभूमीला एक गूढ गुणगुण अखंड चालू असते आणि तीच या कामाचा आत्मा होय. अंक छापून आल्यावर रुख्मिणीने आमचा फ्रिज बंद करून दाखवला. आत्मा गेला.

असा हा तुझा भाऊ तुझ्या मुलीची परीक्षा घ्यायला बसला. माझा नियम कडक आहे. वेष्टणावरचा मजकूर आधी वाचायचा नाही, चष्मा काढून ठेवायचा, तबकडी लावायची आणि डोळे मिटायचे. मी मनात दोन-तीन वाक्यं तयारच ठेवली होती. ‘प्रयत्न स्तुत्य आहे’, वगैरे.

ताई, पोरीने माझं थोबाड बंद केलं. काय तो संथपणा! तिशीच्या मुलीला एवढी सबुरी कुठून आली? सुरुवातीला खालच्या सुरात घुमणारं काही, जिनिंगच्या मशीनसारखं. मग खर्जात वाजणारं बास क्लॅरिनेट, इतक्या लांब दमाचं की वाजवणाऱ्याच्या फुप्फुसांना मी मनोमन हात जोडले. मग पक्षी. पण उथळ चिवचिव नाही, वयात आलेले गंभीर पक्षी. मी मान डोलावत होतो. आणि मग मागून एक पुरुषाचा आवाज आला. लाभ... दोन... तीन... चार...

ताई, बाबा होते. सावकाश, जड, छातीतून येणारा तो आवाज. रुख्मिणी आत भाकरी थापत होती. ती तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आली, भिंतीशी उभी राहिली आणि डोक्यावरून पदर घेतला. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली आमच्या, बाबांना जाऊन अडतीस. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. बाजू संपेपर्यंत ती खाली बसली नाही, आणि मी इकडे खुर्चीत लहान पोरासारखा रडत होतो. तव्यावरची भाकरी कोळसा झाली. आम्ही तीच खाल्ली.

आता मुद्द्याचं. तुझ्याजवळ बाबांची दुसरी टेप होती आणि तू मला कळू दिलं नाहीस. दरसाल मलाच विचारत राहिलीस. काहून असं केलं? असो, भांडत नाही. ती टेप मला पाठव, किंवा मीच येतो. लेख संपादकांकडे गेला. प्रणालीला सांग, नोकरी शोधायची नाही.

भाऊजींना नमस्कार. माया कमी केली असशील तर पूर्ववत करावी.

तुझा
सहदेव


जठारपेठ, अकोला
दि. १८ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस प्रणालीचा शि. सा. न. रागावू नका, ही पहिलीच विनंती.

तुमचं पत्र आईने मला वाचायला दिलं. बास क्लॅरिनेटपर्यंत मी खूश होते. मग घाबरले. मामा, माझ्या रेकॉर्डवर बास क्लॅरिनेट नाही. लग्नाच्या बँडमधले धर्मपालकाका आहेत, साधं क्लॅरिनेट वाजवतात आणि तेही बऱ्यापैकी वेगात. पक्षी म्हणजे बगिच्यातले पोपट. ते अजिबात गंभीर नाहीत.

तुम्ही मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या स्पीडवर लावलीत का? ही पंचेचाळीसची आहे. आकार मोठा असला तरी स्पीड पंचेचाळीसच, आवाज स्वच्छ येतो म्हणून हल्ली तशी काढतात. मधल्या कागदावर लिहिलंय, मागेही लिहिलंय. पण तुमचा नियम.

आणि तो आवाज आजोबांचा नाही. आईचा आहे. आजोबा कसे मोजत ते ती मला दाखवत होती, तेच मी रेकॉर्ड केलं. हळू फिरली की बाईचा आवाज पुरुषासारखा होतो, हे तुम्हाला मी काय सांगणार.

खरी अडचण पुढे आहे. मी आईला अजून हे सांगितलेलं नाही. ‘टेप पाठव’ ही तिला तुमची नेहमीची थट्टा वाटली. तिला वाटतंय, तुम्हाला माळ्यावर कॅसेट सापडली, तुम्ही ती गुपचूप मला दिली आणि मी ती माझ्या संगीताखाली कुठेतरी दडवली. तिच्या कानाला आता कमी येतं, म्हणून आपल्यालाच ऐकू आलं नाही असं ती धरून बसलीय. काल दिवसभर स्पीकरला कान लावून बसली होती, आणि मला दोनदा म्हणाली, माय, बाबाचा आवाज कुठं आहे ते मले बोटानं दाखव. मामा, मला ते बघवत नाही. तुम्ही तिला लिहा. माझ्याने होणार नाही.

लेख छापून येऊ देऊ नका. तुम्ही ज्या रेकॉर्डला पास केलंत ती मी केलेलीच नाही.

मामींना नमस्कार. भाचीवरची नजर मऊ असू द्यावी.

तुमची
प्रणाली


राजापेठ, अमरावती
दि. २१ नोव्हेंबर २०२४

ती. बेबीताई, नमस्कार लिहायला तोंड नाही, तरी लिहितो.

आधी सोपं सांगतो. मी मूर्ख आहे. प्रणालीची तबकडी मी चुकीच्या वेगावर लावली. चार हजार तबकड्यांच्या मालकाने मशीनचं एक बटण पाहिलं नाही. मी ऐकले ते बाबा नव्हते, तू होतीस, हळू फिरवलेली. टेप नाही, ताई. स्पीकरला कान लावू नकोस. तिथे कोणी नाही. संपादकांना फोन करून लेख थांबवला. ते म्हणाले, राहू द्या की, कोणाला कळतं! तीन वाचकांच्या सदराचा हा एक फायदा आहे, पण मी घेतला नाही.

आता अवघड. तुझी कॅसेट माळ्यावर नाही. कधीच नव्हती.

पंच्याऐंशी सालच्या डिसेंबरात परदेशी रेडिओवर जॅझची एक मैफल लागणार होती. मी महिनाभर वाट पाहत होतो. ऐन वेळी घरात कोरी कॅसेट नव्हती. बाबांची होती. मी म्हटलं, बाबा कुठं जातात, पुढच्या बहाराला पुन्हा भरून घेऊ. आणि तिच्यावर मैफल भरली. पुढच्या बहाराला बाबा नव्हते. क्रियेच्या दिवशी तू कॅसेट मागितलीस, तेव्हा मी ‘शोधतो’ म्हणालो. त्या दिवशी खरं बोलायची हिंमत झाली नाही, आणि मग दर वर्षी ती आणखी कमी होत गेली. कॅसेट माझ्या टेबलाच्या खणात आहे. दोन्ही बाजूंनी ऐकली आहे. एक ट्रंपेटवाला आणि रेडिओची खरखर. बाबा कुठेही शिल्लक नाहीत. आणि ट्रंपेटही काही खास नाही, ताई. मी एवढा मोठा जाणकार, आणि पुसायला निवडलं तर ते.

म्हणूनच त्या दिवशी बाबांचा आवाज आला तेव्हा मी तुझ्यावर आळ घेतला. मला वाटलं, सुटलो. तुझ्याकडे होती म्हणजे माझा गुन्हा पुसला गेला. किती हलका माणूस आहे मी, बघ.

काल प्रणालीची तबकडी बरोबर वेगावर ऐकली. चपळ आहे, हसरी आहे, पोपट तर निव्वळ वात्रट. मला माझ्या चुकीच्या संथपणाचा मोह आहे, तरी सांगतो, तिची चांगली आहे. नवा लेख लिहितो आहे. चष्मा लावून.

क्षमा मागत नाही, मागायचा हक्क नाही. शिव्या द्यायच्या तर पत्रानेच दे, म्हणजे पुन्हा वाचता येतील.

तुझा
सहदेव


जठारपेठ, अकोला
दि. २९ नोव्हेंबर २०२४

चि. सहदेव यास. आशीर्वाद या खेपेले देत नाही, पुढच्या पत्रात पाहू.

तुझं पत्र आलं अन् मी दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तुझे भाऊजी विचारून विचारून थकले. कॅसेट गेली ते मी समजू शकते. तवा आपल्याले अक्कलच कुठं होती? मीसुदा बाबाच्या धोतराचं फडकं करून चूल पुसली. पण तू मले अडतीस वर्षं विचारू दिलं, सहदेवा. दर दिवाळीले मी हात पसरून विचारलं अन् दर दिवाळीले तू ‘पाहतो’ म्हणाला. एका वक्ती सांगून टाकलं असतं तर मी एकदाच रडली असती. त्याचा मले राग आहे, अन् तो इतक्यात जाणार नाही. तो जाईल अशी तू वाटसुदा पाहू नको.

तिसऱ्या दिवशी प्रणालीले म्हटलं, लाव तुझी तबकडी, मामानं लावली तशी. ती नाही नाही म्हणे. मी म्हटलं, लाव मुकाट्यानं. कानातलं मशीन घातलं, तुझ्यासारखे डोळे मिटले अन् सारं ऐकलं.

बाबा नाही तो. बाबा मोजताना घाई करत, व्यापारी समोर उभा राहे, दर पाचाले खाकरत. हा माणूस सावकाश, दम खात, मधातच दुसरीकडं पाहत मोजते. मी पहिल्या पाचातच ओळखला. तो तू आहे. माझा आवाज जड केला का तुझा आवाज होते, हे मले बहात्तराव्या वर्षी समजलं. प्रणालीले म्हटलं, हा तर सहदेव. तिनं पुन्हा ऐकलं अन् तोंडावर हात ठेवला. तुले कसं समजंल? आपला आवाज कोणाले ऐकू येते? तू तर चार हजार तबकड्या दुसऱ्यायच्याच ऐकल्या.

मंग रुख्मिणीले फोन लावला. म्हटलं, खरं सांग, कोण होतं? ती म्हणते, ताई, मामंजीचाच आवाज होता, पण हे आजकाल तसंच बोलतात, म्हणून घरात मले अधूनमधून पदर घ्यावासा वाटते, यायले सांगू नका. मी सांगून टाकलं. लपवायचं काम आपल्या घरात पुष्कळ झालं.

तर आता ऐक. आठ डिसेंबरच्या रविवारी सकाळच्या गाडीनं ये, रुख्मिणीले घेऊन ये. वरूडहून संत्री मागवली आहेत. प्रणाली माईक लावून ठेवणार आहे. तू खाली बस, गुडघे दुखले तर दुखू दे, अन् मोज. लाभपासून. बाबाचा आवाज आता तुझ्या एकट्याच्या गळ्यात आहे, अन् तो भरून घेतल्याबिगर मी तुले अमरावतीले जाऊ देणार नाही. अन् त्याच्यावर पुन्हा दुसरं काही भरलं तर याद राख.

शंभरापर्यंतच मोज. त्याच्यापुढं तुले लहानपणीही जमत नव्हतं, बाबा तुले उठवून मले बसवत. मी बाजूलेच बसीन.

रागात असलेली, पण वाट पाहणारी
बेबीताई