डिकीतली खडूची खूण

परवा माझा मुलगा निखिल मला न विचारता भंगारवाल्याला घेऊन आला. म्हणून हे मृत्युपत्र आजच करत आहे.

मी, वैजयंती श्यामसुंदर वाडेकर, वय ७५, रसायनशास्त्राची पदवीधर, राहणार सेक्टर १७, वाशी, कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण समजून लिहिते. मला कधीकधी नसलेला आवाज ऐकू येतो. डॉ. ईश्वरी पेठे यांना ते सांगितले आहे. मला व्यवहार कळतो, असा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी निखिलच्या. साड्या वाटून टाकाव्यात; आठवण म्हणून कपाटात कोंबून ठेवू नयेत.

२. १९७१ सालची फियाट निखिलला मिळणार नाही. "आई, टेन्शन नको घेऊस. त्या डब्यात आता राहिलंय काय?" असे तो म्हणाला. त्याला माहीत नाही, कारण मी सांगितले नाही.

डिकीत पाणी यायचे. माझे यजमान श्यामसुंदर यांनी झाकणाचे रबर तीनदा बदलले, गळती तशीच. मग त्यांनी पद्धत काढली. टॉर्च आणि खडू घेऊन त्यांनी आत बसायचे, झाकण लावून मी वरून पाणी ओतायचे. एकदा टकटक म्हणजे पाणी दिसले, तिथे खडूने खूण केली. दोनदा म्हणजे पुरे, उघड. त्यांना धीर नसे. तपासणी नेहमी अर्धवट राही, आणि मला राग येई.

१९ मे २०१९ रोजी दोनदा टकटक झाली. "पूर्ण होऊ द्या हो जरा!" असे ओरडून मी उरलेली अर्धी बादली ओतली. उघडले तेव्हा ते गेले होते. गाडी पुसताना हृदय बंद पडून गेले, असे मी सर्वांना सांगितले. निखिललाही.

तेव्हापासून गाडीवर पाणी पडले की आतून दोनदा वाजते. मी दर वेळी उघडते.

३. फियाट अक्षता मारोती साळवे हिची. तिचे तुर्भ्याला डेंटिंगचे गॅरेज आहे. गेल्या महिन्यात तिने डिकीत डोके घालून सांगितले, "काकू, रबराला उगाच बदनाम केलंत. पाणी मागच्या दिव्याच्या गॅसकेटमधून शिरतंय, नि सांध्यातून खाली उतरतंय. ही खडूची खूण कोणाची? एकदम बरोबर जागेवर आहे."

अट अशी: गंजावर पुट्टी थापून रंग देऊ नये. कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करावा. सांध्यांना सीलर लावावा, तळाची भोके मोकळी ठेवावीत. पाण्याची चाचणी घेताना आत मोबाइलचा कॅमेरा ठेवावा. माणूस बसवू नये.

४. निखिलने कलम २ माझ्यामागे वाचावे, असा आधी विचार होता. तो भित्रेपणा झाला असता. आज साक्षीदारांसमोर त्याला वाचून दाखवले.

स्थळ: वाशी, नवी मुंबई. दिनांक: ७ एप्रिल २०२५.
सही: वै. श्या. वाडेकर

साक्षीदार:
१. विलास सिताराम गावंड, शेजारी (सही)
२. डॉ. ईश्वरी स्वानंद पेठे (सही)

सुपूर्द केल्याची नोंद: आरसी बुक व गाडीची एक चावी अक्षताला दिली. गाडी दुरुस्तीसाठी ती शनिवारी नेईल. मालकी माझ्या पश्चात. दुसरी चावी निखिलपुढे ठेवली, पत्रा कापण्याआधी त्याला आत पाहायचे असेल तर. "बाबांनी हाक मारली होती का?" एवढेच त्याने विचारले. नाही, असे मी सांगितले. ते खरे आहे. चावी त्याने अजून उचललेली नाही.