वीज आल्यावर आपोआप

५ सप्टेंबर, शुक्रवार
आज वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर सर्च सर्व्हर बसवला. १९५८ पासूनच्या सभांची इतिवृत्तं आता क्षणात शोधता येणार. नाव टाइप करा, ते कुठल्या सालच्या कुठल्या पानावर आहे ते समोर हजर. टायपिंग सात महिने ग्रंथपाल कुमुदिनीताईंनी केलं. सुपरव्हिजन माझं. केमिकल कंपनीत बत्तीस वर्षं इन्स्ट्रुमेंट ऑफिसर होतो, म्हणून जमलं. अंबरनाथमध्ये असा प्रयोग पहिलाच असावा.
साडेअकराला मेंटेनन्ससाठी लाइट गेली.

६ सप्टेंबर
ताईंचा फोन. कॉम्प्युटर चालू केला, पण सर्च होत नाही. पालेगावहून रिक्षाने गेलो, एक कमांड टाकली, झालं. दर शुक्रवारी लाइट जाते, दर वेळी तुम्हाला बोलवायचं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, छे. कॉम्प्युटर बूट झाला की सर्व्हर आपोआप उठेल अशी सोय करतो. दोन ओळींचं काम. उद्या सकाळी.

१३ सप्टेंबर
दोन ओळी परवाच लिहिल्या होत्या. काल लाइट गेली, आली. सर्व्हर झोपलेलाच. कारण सापडलं. ‘स्टार्ट’ वेगळं, ‘इनेबल’ वेगळं. स्टार्ट म्हणजे आत्तापुरतं, इनेबल म्हणजे दर बूटला. मी नुसतं स्टार्ट केलं होतं. सॉफ्टवेअरवाल्यांनी हे नीट लिहून ठेवायला हवं.
इनेबल केलं. घरी बायकोला, भावनाला, सविस्तर समजावलं. तिने विचारलं, आपल्या टाकीचा पंप आपोआप बंद होणार होता त्याचं काय झालं. विषय वेगळा आहे.

२० सप्टेंबर
सर्व्हर म्हणतो, रूट युजर म्हणून मी चालणारच नाही. रूट म्हणजे सर्वाधिकारी. त्याला सगळे अधिकार देऊ केले आणि त्याने नाकारले. कंपनीत मला कुणी एवढे अधिकार दिले असते तर मी नाही म्हटलं नसतं. असो. कमी अधिकारांचा नवा युजर केला. लगेच कामाला लागला.

२७ सप्टेंबर
सर्व्हर काल उठला नाही, कारण कॉम्प्युटरच उठला नाही. वीज आल्यावर बटण कुणाला तरी दाबावं लागतं. ताई म्हणाल्या, मग आपोआप कसलं. मी सांगितलं, ते माझ्या कक्षेत येत नाही. रात्री जेवताना आठवलं, त्याचीही सेटिंग असते. आज जाऊन केली.

४ ऑक्टोबर
यश. काल लाइट जायच्या आधीच खुर्ची टाकून बसलो होतो. साडेतीनला वीज आली. कॉम्प्युटर आपणहून चालू, पाठोपाठ सर्व्हर, स्क्रीनवर हिरव्या अक्षरात ‘रनिंग’. ताई पुस्तकांना कव्हर घालत होत्या. म्हणाल्या, एखादं नाव शोधून तरी बघा. मी म्हटलं, चालू आहे म्हणजे चालतंय.
वाचनालयाच्या अध्यक्षांना फोन केला. उद्घाटन चौदा तारखेला. तोवर कुणी हात लावायचा नाही, अशी चिठ्ठी चिकटवली.

१४ ऑक्टोबर
वंदना झाली, हार झाले. पहिलं नाव सांगण्याचा मान वांगणीच्या जनाबाईंना. वय एक्क्याऐंशी. वाचनालय बांधताना त्यांचे मालक धोंडिबा यांनी विटा वाहिल्या होत्या. मी टाइप केलं. उत्तर आलं, शून्य नोंदी. ऱ्हस्व-दीर्घ बदलून तीनदा पाहिलं. शून्य.
कुमुदिनीताई जवळ येऊन हळू म्हणाल्या, हे नाव मी स्वतः टाइप केलंय. मी माइकवर खुलासा केला की माणसाची आठवण चुकू शकते, मशीन चुकत नाही.
जनाबाई म्हणाल्या, “नसंल. इटा वाहनाऱ्याचं नाव कोन लिवतंय.” चहा न घेताच गेल्या.
कार्यक्रम एकंदरीत चांगला झाला.

१५ ऑक्टोबर
   समारंभ कसा झाला असं भावनाला विचारलं, तर म्हणाली, म्हातारीला स्टेशनपर्यंत सोडायला हवं होतं.

१७ ऑक्टोबर
वाचनालयात एकटा बसलो. सहज माझं नाव टाकलं, शून्य. मला वाटलं, राजकारण. अध्यक्षांचं टाकलं, शून्य. मग ‘सभा’ हा शब्द टाकला. साठ-पासष्ट वर्षांच्या इतिवृत्तात ‘सभा’ हा शब्द एकदाही नाही.
तेव्हा कळलं. नोंदी आहेत बाहेरच्या डिस्कवर. वीज आली की सर्व्हर आधी उठतो, डिस्क मागाहून. तो रिकामं कपाट उघडतो आणि प्रामाणिकपणे सांगतो की काही नाही. चौदाला सकाळी मी ऐटीत लाइटचं मेन स्विच बंद-चालू करून अध्यक्षांना हेच दाखवलं होतं.
सर्व्हर हाताने बंद करून पुन्हा चालू केला. धोंडिबा, अकरा नोंदी. प्रिंट काढली.

१८ ऑक्टोबर
वांगणीला गेलो. जनाबाईंच्या उशाशी झेरॉक्स होती. कुमुदिनीताई बुधवारीच येऊन देऊन गेल्या. रजिस्टरात बोट फिरवून अर्ध्या तासात सापडलं म्हणे. माझ्याजवळ त्या काही बोलल्या नव्हत्या.
मी डिस्क आणि सर्व्हर यांचा क्रम समजावून सांगितला. जनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, जेवून आलाय का. भाकरी वाढली. जेवण झाल्यावर माझी प्रिंट माझ्याच हातात दिली नि म्हणाल्या, “वाचा.”
वाचलं. भट्टीपासून दोन दिवस डोक्यावरून विटा आणल्याबद्दल सभा धोंडिबा यांचे आभार मानते. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा वाचलं.
म्हणाल्या, “त्या दिशी लोकं व्हती तवा वाचायला पायजे व्हतं.”


२४ ऑक्टोबर, शुक्रवार
डिस्क उठेपर्यंत सर्व्हरने थांबावं, अशी ओळ दिवाळीआधीच घातली होती. आता चुकायला जागा नाही. दहाला लाइट गेली, तीनला आली. फक्त खात्री करायला गेलो.
कॉम्प्युटर चालू. सर्व्हर थांबलेला. डिस्कचा प्लग काढून तिथे कुणीतरी दिव्यांची माळ लावली होती. मीच लिहिल्याप्रमाणे तो निमूट वाट पाहत होता. किती वेळ पाहायची हे मी लिहिलं नव्हतं.
टेबलाशी दोन वाचक रजिस्टर उघडून नाव शोधत होते. ताईंनी मला पाहिलं. म्हणाल्या, आलाच आहात तर १९६८ चं काढून द्या, वरच्या फळीवर आहे, माझा हात पुरत नाही.
स्टुलावर चढून काढून दिलं.